पाट कधीपर्यंत चालतो

[जुलै. सड्यावर पाऊस. सुरुवातीला फक्त आवाज.]

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला हा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. पंधरा मिनिटं कॅमेरा लावून ठेवला, तर भिंगावरून ओघळणारं पाणीच तेवढं मिळालं. गोव्यात वर्षाकाठी साधारण 3 हजार मिलिमीटर पाऊस पडतो. 2024 च्या पावसाळ्यात तो 4 हजारांच्याही वर गेला. आणि तरी एप्रिल आला की... टँकरचं नंतर. आधी हा दगड बघा.

[चिरा, अगदी जवळून.]

आपल्या घराच्या भिंतीतला हाच तो चिरा, म्हणजे जांभा दगड. अंगभर भोकं. पाऊस पडतो तेव्हा सडा पाणी पितो. ते झिरपत खाली जातं, चिकण मातीच्या थरापाशी अडतं आणि उताराच्या कडेने वाट काढत पायथ्याशी बाहेर येतं. तिथे झर. झरींचा व्हाळ, म्हणजे ओहोळ होतो, व्हाळ म्हादईला मिळतात. पावसाळ्यात नदी पावसावर फुगते, पण डिसेंबरनंतर ती वाहते ती सड्याने आणि घाटातल्या रानाने पोटात धरून ठेवलेल्या पाण्यावर.

[नोव्हेंबर. व्हाळात चार माणसं, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग.]

दिवाळी सरली, व्हाळाचा जोर ओसरला, की बांध घालायचा. आधी मोठे दगड, प्रवाहाला आडवे. त्यांच्या फटींत लहान दगड. मग पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, पायाने दाबून. शेवटी माती. बघा, हे काका माती टाकत नाहीत, थापतात, भिंत लिंपावी तशी. एका बाजूला हातभर जागा मोकळी ठेवली आहे. विचारलं तर म्हणाले, "खालच्या वाड्यावरही कुळागर आहे ना!"

सिमेंट नाही, यंत्र नाही. दुपारी पाणी बांधाला टेकलं आणि उन्हं उतरायच्या आत पाटातून पोफळींच्या मुळाशी पोचलं. हा शॉट लांबला आहे, माहीत आहे. कापवला नाही.

पोफळ, माड, केळ, पोफळीवर चढलेली मिरी. सगळी बाग निव्वळ उतारावर भिजते. पहिल्या मोठ्या पावसात बांध वाहून जातो, तो जायलाच हवा. पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. सरकारी बंधाऱ्यांची रीतही याहून फार वेगळी नाही: पाऊस संपला की फळ्या घालायच्या, पुढच्या पावसाआधी काढायच्या.

[ड्रोन. हिरवं पाणी, भोवती लाल पायऱ्या.]

डिचोली. वरून तळं वाटतं, पण ही लोहखनिजाची खाण. खोदकाम भूजलाच्या पातळीखाली गेलं की खड्ड्यात चारी बाजूंनी पाणी उतरतं. खनिज काढायचं तर ते अहोरात्र उपसावं लागतं, आणि भोवतालच्या विहिरींचं पाणी या खड्ड्याकडे ओढलं जातं. शिरगाव हे लईराई देवीचं गाव. जत्रेला धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, तिथल्या तळीत न्हातात. त्या गावच्या विहिरी आणि झरी अशाच आटल्या. शिवाय एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाजूला पडते. पावसात ते ढिगारे ओघळतात आणि व्हाळांत गाळ बसतो.

2012 मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. पंप बंद पडले तसे खड्डे भरले. या खड्ड्यांतलं पाणी पिण्याच्या योजनांना देण्याचा उपायही गोव्यात झालेला आहे. विहिरीतून काढून घेतलेलं पाणी नळाने परत! 2024 मध्ये डिचोलीत यंत्रं पुन्हा हलली.

[म्हादईचं पात्र. दगड, मधे पाण्याची रेघ.]

म्हादई म्हटलं की आपल्याला आधी कर्नाटक आठवतं. 2018 च्या निवाड्यात म्हादई पाणीवाटप लवादाने त्यांना 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. तो लढा लढायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण आपण बघितलेल्या व्हाळावर कर्नाटकाने हात ठेवलेला नाही.

[ओपा. खांडेपार नदी.]

फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांचं नळाचं पाणी इथून जातं. उन्हाळ्यात नदी खाली गेली की नळाची धार बारीक होते, टँकर फिरू लागतात.

[टँकर, कळशा. निवेदन नाही.]

[एप्रिल. तेच कुळागर.]

काका पाटात उभे आहेत. पायाखाली सुकलेला पाला. त्यांच्या वडिलांच्या वेळी हा पाट पहिल्या पावसापर्यंत चालायचा, असं ते सांगतात. यंदा शिगमो, म्हणजे शिमगा झाला आणि पाट थांबला.

"वर सड्यावर जाऊन आलात?" त्यांनी विचारलं.

[सडा. चिऱ्याची खाण, पलीकडे प्लॉटांचे दगड, नवा रस्ता.]

जाऊन आलो. जुलैत जिथे कॅमेरा लावला होता ती जागा शोधायला अर्धा तास गेला. मोपाच्या सड्यावर तर 2022 मध्ये विमानतळ झाला. त्या सड्याच्या पायथ्याच्या झरींपर्यंत आम्ही पोचलो नाही.

[कुळागर. काका पोफळीच्या बुंध्याशी.]

"आता काय करणार?"

"बोअर मारतोय. सोमवारी गाडी येते."

[पोफळींचे शेंडे. वारा.]