कॅम्पसाठी सुरी घेताय? आधी एक गाजर कापून बघा

स्क्रीनवर दोन सुऱ्या आहेत आणि एक गाजर. डावीकडची बघा, सहा मिलिमीटर जाड पातं, काळं कोटिंग, पाठीवर करवतीसारखे दात, हातात घेतली की वाटतं आता जंगलात एकटं सोडलं तरी चालेल. गाजरावर ठेवली, दाबली, अर्ध्यापर्यंत गेली आणि कडकन आवाज. गाजर कापलं गेलंच नाही, पाचर ठोकल्यासारखं फुटलं आणि एक तुकडा फळीवरून उडून खाली. आता उजवीकडची. पाठीजवळ अडीच मिलिमीटर आणि तिथून धारेपर्यंत निमुळती होत आलेली, दिसायला अगदी साधी. तीच गाजरातून आवाज न करता खाली फळीला टेकली.

आणि हां, दोन्ही सुऱ्यांना धार सारखीच लावलीये, दोन्ही हातावरचे केस साफ काढतात. मग फरक कुठे पडला? धारेच्या मागे लोखंड किती उभं आहे तिथे. धार वाट करून देते पण मागून अख्खं पातं त्या फटीतून जायचं असतं ना, ते जाड असलं की समोरची वस्तू फाकते, मग ती फुटणारच.

सुरी घेताना लोक स्टीलचं नाव विचारतात, ब्रँड विचारतात, टँग, म्हणजे मुठीत गेलेला पात्याचा भाग, फुल आहे का विचारतात, आणि धारेच्या लगेच वर जाडी किती हे कोणीच विचारत नाही. खाण्याच्या कामाची सुरी तिथे साधारण पाव मिलिमीटर असते, सगळ्या कामाची कॅम्प सुरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठीक, आणि त्या सर्व्हायव्हल टाइपच्या सुऱ्या कधीकधी मिलिमीटरच्या जवळ जातात. व्हर्निअर कॅलिपर असेल तर मोजा, नसेल तर पातं दोन बोटांच्या चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे हळूच सरकवा, कुठपर्यंत जाड राहतंय ते बोटांना लगेच कळतं. फक्त धारेच्या अलीकडे थांबा म्हणजे झालं.

आता कॅम्पवर सुरी खरंच काय काय करते ते बघू. कांदा चिरते, बटाटा सोलते, पाकीट फोडते, दोरी कापते, ब्रेडला काहीतरी लावते, तंबूची एखादी खुंटी हरवली तर फांदीला टोक काढून नवी करते, शेकोटीसाठी लाकडाच्या बारीक ढलप्या काढते. ओंडका फाडायचं काम येतं पण क्वचित, आणि आलं तरी त्याला दुसरे उपाय आहेत, ते पुढे सांगतोच. पण दुकानात उभं राहिलं की डोक्यात तोच ओंडका असतो, कांदा कोणाच्याच डोक्यात नसतो, आणि मग क्वचित लागणाऱ्या कामासाठी घेतलेली जाड सुरी रोज दोन्ही वेळच्या जेवणाला वापरावी लागते.

ही तक्रार जुनी आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचे गृहस्थ होते, नेसमुक या टोपणनावाने लिहायचे, कमीत कमी ओझं घेऊन जंगलात कसं राहावं यावर. त्या काळच्या जाड, बोजड शिकारी सुऱ्या त्यांना अजिबात पसंत नव्हत्या. ते स्वतः पातळ पात्याची सुरी ठेवायचे आणि सोबत दोन पात्यांची छोटी कुऱ्हाड आणि खिशात घडीचा चाकू, म्हणजे कामं वाटून दिलेली. युरोपच्या अगदी उत्तरेकडे राहणाऱ्या सामी लोकांकडेही तसंच, लाकूडतोडीसाठी वीतभर पात्याची मोठी लेऊकू आणि बारीक कामाला वेगळी छोटी सुरी.

आपल्याला मात्र एकच सुरी न्यायची असते, त्यामुळे तडजोड आली. माझ्या मते ती तडजोड स्वयंपाकाच्या बाजूला झुकलेली असावी. पाठीजवळ अडीच ते तीन मिलिमीटर जाडी, पात्याची लांबी दहा ते बारा सेंटीमीटर, बस. कोणी म्हणेल तीन मिलिमीटरचं पातं वाकेल. हिशेब बघा, पट्टीची जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो, म्हणजे जाडीतला थोडासा फरकही ताठपणात भरपूर दिसतो, आणि एवढ्याशा लांबीचं तीन मिलिमीटरचं चांगलं पातं नुसत्या हाताच्या जोराने वाकवून दाखवा, मग बोलू. डबा उचकटायला किंवा दगड हलवायला सुरी वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग पहार घ्या ना.

लांबीचं म्हणाल तर दहा सेंटीमीटरमध्ये कांदा, टोमॅटो, बटाटा आरामात होतात, कोबीचा अख्खा गड्डा मात्र फिरवून फिरवून कापावा लागतो. मोठा ग्रुप असेल आणि रोज ढीगभर भाजी चिरायची असेल तर पंधरापर्यंत जा, फक्त मग खुंटीला टोक काढताना ते लांब पातं हातात नाचतं.

आता कॅमेरा जरा खाली आणतो, फळीच्या लेव्हलला. हे दुकानात कोणाच्या लक्षात येत नाही. सुरी फळीवर ठेवली, धार पूर्ण टेकली, आणि मूठ धरलेली बोटं बघा, त्यांची पेरं फळीवर आपटतायत. लाकूडकामाच्या सुरीत धार आणि मुठीची खालची बाजू जवळजवळ एका रेषेत असते, लाकूड हवेत धरून तासायला ते फार छान, जोर सरळ लागतो, पण फळीवर चिरताना बोटांना जागाच नाही. मग माणूस काय करतो, सुरी तिरकी धरतो किंवा फळीच्या अगदी काठावर येऊन मूठ बाहेर ठेवून चिरतो. दुसरी सुरी बघा, हिच्यात धार मुठीपेक्षा एक-दीड सेंटीमीटर खाली उतरलीये, बोटं मोकळी. घेताना टेबलावर ठेवून मूठ धरून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

धारेचा उतार कसा घातलाय त्याला ग्राइंड म्हणतात आणि त्यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी थोडक्यात उरकतो. फुल फ्लॅट म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत एकसारखा निमुळता उतार, भाजीला सगळ्यात बरा. स्कँडी म्हणजे पातं बऱ्याच खालपर्यंत एकाच जाडीचं आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये एकदम तिरका उतार, हा लाकडात मस्त चालतो आणि धार लावायलाही सोपा, पण गाजरासारखी कडक वस्तू त्या उताराच्या खांद्यावर अडकून फुटते. कॉन्व्हेक्स म्हणजे बाजू किंचित फुगीर, दणकट, पण दगडावर जमवायला हात बसावा लागतो. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या स्कँडीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, तिथे 1891 पासून हा धंदा चालू आहे. त्यांच्या कंपॅनियन या मॉडेलचं पातं साधारण साडेदहा सेंटीमीटर आणि जाडी अडीच मिलिमीटर, त्यामुळे स्कँडी असूनही स्वयंपाकात निभावून जाते. त्याचंच हेवी ड्युटी म्हणून जाड व्हर्जन आहे 3.2 मिलिमीटरचं, लोक ते जास्त भक्कम म्हणून उचलतात आणि मग गाजर परत फुटतं.

स्टील. यात दोन गट धरा, कार्बन आणि स्टेनलेस. कार्बन स्टील, उदाहरणार्थ 1095, त्यात कार्बन साधारण 0.95 टक्के आणि क्रोमियम नावालाही नाही. धार पटकन लागते, पाठीवर फायर स्टील, म्हणजे शेकोटी पेटवायची सळई, घासली की ठिणग्या छान पडतात, पण लिंबू कापून तसंच ठेवलंत तर थोड्याच वेळात पात्यावर निळसर-राखाडी डाग चढायला लागतो. तो डाग गंज नाही, उलट थोडं संरक्षणच करतो, पण सफरचंद चिरल्यावर फोडीच्या कडेला काळपट रेघ येते आणि जिभेला लोखंडाची चव लागते, ती सगळ्यांना चालत नाही. मीठ लागून ओली राहिली तर मात्र खरा गंज, आणि तो पात्यात खड्डे पाडतो.

स्टेनलेस म्हणायला किमान 10.5 टक्के क्रोमियम लागतं. सुऱ्यांमध्ये 12C27 नावाचं स्वीडिश स्टील बरंच दिसतं, त्यात साडेतेरा टक्के क्रोमियम आणि कार्बन 0.6 टक्के. धार चांगली टिकते आणि साध्या दगडावर परत लागते. D2 या स्टीलचं नाव ऐकून फसू नका, त्यात क्रोमियम बाराच्या आसपास असतं पण बरंचसं कार्बनशी जोडलं जाऊन कार्बाइडमध्ये अडकतं, गंज रोखायला कमी उरतं, म्हणून D2 ला गंज धरू शकतो. खाण्याचं काम जास्त असेल तर मी डोळे झाकून स्टेनलेस सांगेन. लाकूडकामाची हौस असेल आणि सुरी वापरली की लगेच पुसायची सवय असेल तर कार्बन घ्या, मजा त्यात जास्त आहे हे मात्र खरं.

काळं कोटिंग गंज रोखायला असतं हे बरोबर, पण खरखरीत कोटिंग बटाट्यातून ओढत ओढत जातं, वापरून निघत जातं, आणि धारेवर तर ते नसतंच. पाठीवरचे दात तर कशालाच उपयोगी नाहीत, लाकूड नीट कापत नाहीत आणि अंगठा ठेवायची जागा खातात. त्यापेक्षा पाठ सपाट आणि कडा काटकोनी हवी, साल खरवडता येते, ठिणग्या पाडता येतात.

मग तो ओंडका. सुरी लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकत फाडायचं, याला बॅटनिंग म्हणतात. करायचंच असेल तर टँग मुठीच्या शेवटपर्यंत गेलेला असावा, लाकूड पात्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटरने बारीक असावं आणि गाठ टाळावी. मोराच्या बऱ्याच सुऱ्यांत टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी मनगटाएवढ्या सरळ लाकडाला त्या पुरतात. पण सोपा मार्ग हा बघा, सुरीने फक्त चीर पाडायची, मग लाकडाचीच एक पाचर तासून त्या चिरेत ठोकायची, पुढचं काम पाचर करते आणि सुरी बाजूला फळीवर पडून राहते. जोडीला घडीची छोटी करवत असेल तर बॅटनिंगची आठवणही येणार नाही.

मूठ ओल्या, तेलकट हाताने धरून बघा, कोरड्या हातात सगळ्याच छान वाटतात. रबर किंवा खडबडीत प्लास्टिक धुवायला सोपं. मायकार्टा, म्हणजे कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेलं मटेरियल, ओलं झालं तरी पकड देतं. लाकूड सुंदर दिसतं पण भिजून वाळून भिजून वाळून फटी पडतात आणि फटीत काय बसतं ते सांगायला नको. बोट पुढे सरकू नये म्हणून मुठीला लहानसा उंचवटा पुरे, तलवारीसारखी दोन्हीकडून आडवी पट्टी असेल तर ती चिरताना फळीवर अडते. रंग भडक घ्या, नारिंगी वगैरे. हिरवी सुरी गवतात ठेवून शोधायला लागलात की कळेल.

फिक्स्ड ब्लेडचा, म्हणजे घडी न होणाऱ्या पात्याचा, स्वयंपाकातला खरा फायदा असा की बिजागर नाही, घडीच्या चाकूसारखं त्यात अन्न अडकत नाही. पण तीच घाण म्यानात गेली तर काय उपयोग? कच्चं मांस कापलेली सुरी नुसती पुसून चामड्याच्या म्यानात घातली की ते म्यान आतून कधीच धुता येत नाही, शिवाय चामडं ओल धरून ठेवतं आणि पात्याला डाग पडतात. खाण्याच्या सुरीला प्लास्टिकचं म्यान, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. साबण आणि गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, मगच आत. मांसानंतर तीच सुरी आणि तीच फळी न धुता भाजीला नाही, एवढं पाळा. कार्बनला तेल लावायचं तर फूड ग्रेड मिनरल ऑइल, स्वयंपाकाचं तेल काही दिवसांनी चिकट होऊन खवट वास मारतं.

लाकूड तासताना बसायची पद्धत बघा, कोपर गुडघ्यांवर, हात गुडघ्यांच्या पुढे, सुरी अंगापासून लांब जाणारी. मांड्यांच्या मध्ये कधीच नाही, आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. हात लांब करून गोल फिरलात तर जेवढ्या घेरात पोचाल तेवढ्यात दुसरं कोणी नको. प्रवासात विमानाच्या केबिनमध्ये ही सुरी चालत नाही, चेक-इन बॅगेत आणि ती पण नीट गुंडाळून. जाताय त्या देशाचा कायदा आधी बघा, ब्रिटनमध्ये तर योग्य कारण नसेल तर फिक्स्ड ब्लेड सार्वजनिक ठिकाणी बाळगताच येत नाही.

राहता राहिली धार. एक हजार ग्रिटचा दगड आणि चामड्याची पट्टी, सुरुवातीला एवढंच घ्या. स्कँडी असेल तर तो तिरका उतार दगडावर सपाट टेकवा आणि घासा, अँगलचा प्रश्नच नाही. फुल फ्लॅट असेल तर साधारण वीस अंश धरावे लागतात आणि इथेच लोक गोंधळतात, म्हणून मार्करची ट्रिक. धारेच्या कडेला मार्करने काळी रेघ मारा, दगडावर दोन-तीन वेळा ओढा आणि बघा, हे असं क्लोजअपमध्ये, शाई वरच्या बाजूनेच गेलीये आणि धारेवर तशीच आहे म्हणजे सुरी फारच आडवी धरलीये, जरा उचला. फक्त धारेच्या अगदी काठावरचीच गेली असेल तर उलटं, जरा खाली घ्या. शाई सगळीकडून सारखी जायला लागली की तोच अँगल धरून घासत राहा, पलीकडच्या बाजूला धारेवर बारीक खरखरीत कडा उठेपर्यंत, मग दुसरी बाजू तशीच, आणि उरलेली कडा चामड्यावर धार मागे ठेवून हलक्या हाताने ओढून काढून टाका.