दोन सह्यांची शाळा
(जिल्हा परिषद शाळेचा कारभार आणि पैसा : माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : वर्गाच्या दाराशेजारी पटसंख्येचा फलक. खडूने लिहिलेले आकडे.]

पहिली ते पाचवी. मुलगे 31, मुली 32. एकूण पट 63.

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत शिरलात की असा फलक दिसतो. शाळेला शिक्षक किती, वर्षाला अनुदान किती, आज दुपारी तांदूळ किती शिजवायचा, सगळं या एका आकड्यावर ठरतं. फलकावरचा आकडा मात्र शाळेचा झाला. सरकार मोजतं तो आकडा संगणकात असतो.

[दृश्य : मुख्याध्यापकांचं टेबल. संगणकाच्या पडद्यावर विद्यार्थ्यांची यादी.]

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, असतो. महाराष्ट्रातल्या शाळेचा क्रमांक 27 ने सुरू होतो, पुढे जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. या क्रमांकाखाली एकेका मुलाची नोंद. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळलं, तर ते मूल 'वैध'. 30 सप्टेंबरला जेवढी मुलं नोंदलेली आणि वैध, त्यावर संचमान्यता होते. संचमान्यता म्हणजे या शाळेला शिक्षकांची किती पदं, याचा कागद.

आता ही तीन नावं बघा. एकाच्या आधारवर आडनावात एक अक्षर जास्त. दुसरीच्या जन्मतारखेला नुसतं वर्ष, म्हणून यंत्राने 1 जानेवारी धरली. तिसऱ्याचं आधार लहानपणी काढलेलं, बोटांचे ठसे नंतर घेतलेच नाहीत, म्हणून ते निष्क्रिय झालं. तिघंही रोज शाळेत येतात, आज समोरच्या रांगेत बसलेत. संगणकाच्या हिशेबात 63 मधून तीन गेले, उरले 60.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, 61 ते 90 ला तीन. तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो आणि पाच इयत्ता दोघांवर येतात.

दुरुस्तीसाठी पालकाला तालुक्याच्या आधार केंद्रावर मूल घेऊन जावं लागतं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हे काम सप्टेंबरवर ढकलू नये. जुलैच्या सभेतच 'न जुळलेल्या' मुलांची यादी मागून घ्यावी, जन्मदाखले तपासावेत आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकाच गाडीने न्यावं.

[दृश्य : पंचायत समितीची इमारत. जिना. पाट्या.]

ही शाळा चालवतं कोण? मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख, त्यांच्याकडे आसपासच्या शाळांचं एक केंद्र. त्यांच्या वर विस्तार अधिकारी, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, प्राथमिक. सगळ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. ही झाली नोकरशाहीची शिडी.

दुसरी शिडी निवडून आलेल्यांची. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून तो आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो, सर्वसाधारण सभेत शाळाखोल्यांवर प्रश्न विचारता येतात. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात गावातून शाळेचा प्रश्न घेऊन जायला निवडून आलेला सदस्यच नव्हता.

शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. तो शालार्थ प्रणालीतून थेट जमा होतो, शाळेच्या हातातून जात नाही. पदं राज्याच्या निकषाने ठरतात, भरती पवित्र पोर्टलवरून होते, आंतरजिल्हा बदल्याही ऑनलाइन. पुस्तकं बालभारतीची. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस, म्हणजे उपकराचा, निधी असतो, पण त्यातला 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावा लागतो. उरलेल्यात रस्ते, दवाखाने, पाणी आणि शाळाही.

गावाच्या हातात राहते ती शाळा व्यवस्थापन समिती.

[दृश्य : शाळेचा व्हरांडा. सतरंजीवर बसलेले पालक, निम्म्याहून जास्त बायका. ठराव वही.]

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21. समितीत किमान 75 टक्के सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बारा जणांची समिती धरली तर नऊ पालक. बाकी तिघांत स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि एक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. मुख्याध्यापक सचिव. सभा महिन्यातून एकदा. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा : पुढच्या तीन वर्षांत मुलं किती असतील, शिक्षक किती लागतील, खोली, स्वच्छतागृह, पाणी, आणि त्याला पैसे किती.

अनेक गावांत सभा भरत नाही. वही घरोघर फिरते, सह्या होतात, ठराव नंतर लिहिला जातो. अध्यक्षांना त्या सहीचं वजन कळलेलं नसतं. शाळेच्या अनुदानाचा एक रुपयाही मुख्याध्यापक एकट्याच्या सहीने खर्च करू शकत नाहीत, दुसरी सही अध्यक्षांची लागते. ही सही पुढे बँकेत काय करते, ते आता दिसेल.

[दृश्य : मार्च महिना. बँकेबाहेरची रांग. हातात कागद घेतलेले शिक्षक.]

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं. केंद्र 60, राज्य 40. तीस मुलांपर्यंत 10,000 रुपये. 31 ते 100 ला 25,000. 101 ते 250 ला 50,000. त्यापुढे हजारापर्यंत 75,000 आणि हजारावर एक लाख. आपल्या शाळेला 25,000. एका मुलामागे वर्षाला सुमारे 397 रुपये. यात विजेचं बिल, इंटरनेट, खडू, नोंदवह्या, टाकीची सफाई, फुटलेला नळ, उडालेला पत्रा. शिवाय किमान दहावा हिस्सा, म्हणजे 2,500 रुपये, स्वच्छतेवरच खर्च व्हायला हवा.

पूर्वी ही रक्कम शाळेच्या खात्यावर यायची. आता राज्याचं एकच नोडल खातं आहे, पैसा तिथेच राहतो. शाळेचं खातं शून्य शिल्लकीचं. शाळेला मिळते ती फक्त मर्यादा : एवढ्यापर्यंत खर्च करा, पैसे वरून थेट दुकानदाराला जातील.

आता एक पंखा बसवायचा आहे. आधी समितीचा ठराव, सूचक आणि अनुमोदकासह. मग दरपत्रकं. दुकानदार असा हवा की जो जीएसटीचं पक्कं बिल देईल आणि पैशांसाठी थांबेल. आठवडी बाजारातला चालत नाही. पंखा आला की जडवस्तू नोंदवहीत नोंद. मग पीएफएमएस या केंद्राच्या प्रणालीत दुकानदाराची नोंदणी : नाव, खाते क्रमांक, आयएफएससी. एका लॉगिनने देयक तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. मग छापायचा तो पीपीए, म्हणजे बँकेला दिलेला भरणा आदेश. त्यावर दोन सह्या, दोन शिक्के. तो कागद बँकेत.

अडकतं कुठे? दुकानदाराची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी बदलला, तर देयक परत. अध्यक्षांचं मूल पाचवी पास होऊन गेलं, समिती नव्याने झाली, पण बँकेतली नमुना सही जुनीच, तरी परत. पीपीएला मुदत असते, ती उलटली की कागद रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. गटस्तरावर एकाच वेळी शेकडो शाळा त्याच प्रणालीत शिरल्या की ती चालत नाही. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नेमक्या सगळ्या शाळा एकाच वेळी शिरतात, कारण मर्यादा अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्येच उघडते.

31 मार्चच्या रात्री न वापरलेली मर्यादा शून्य होते. शाळेने पैसा खर्च केला नाही, असं कागद म्हणतो. खडू शिक्षकाच्या खिशातून आलेले असतात आणि थकलेल्या बिलापायी मीटर निघालेलं असतं.

आमचं म्हणणं साधं आहे. पटाचा आकडा आधीच ठरलेला आहे, दरही ठरलेला आहे. मग निम्मी मर्यादा जूनमध्ये शाळा उघडतानाच उघडली पाहिजे. आणि समितीने बदलाचा ठराव झाला त्याच आठवड्यात बँकेत नवी सही द्यावी. एवढ्याने बरेच पीपीए परत यायचे थांबतील.

[दृश्य : स्वयंपाकघर. गॅसवर मोठं पातेलं. काट्यावर तांदूळ.]

सकाळचे साडेदहा. हजेरी झाली की स्वयंपाकी ताईंना आकडा सांगितला जातो. आज सगळी 63 आली आहेत. प्राथमिकच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य : 6 किलो 300 ग्रॅम तांदूळ. डाळ 20 ग्रॅमप्रमाणे 1 किलो 260. भाजी 50 ग्रॅमप्रमाणे 3 किलो 150. तेल 5 ग्रॅमप्रमाणे 315 ग्रॅम. ताटात 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं हवीत. सहावी ते आठवीला धान्य 150 ग्रॅम, उष्मांक 700, प्रथिनं 20 ग्रॅम.

तांदूळ केंद्र सरकारचा, तो वेगळा. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी 1 मे 2025 पासूनचा दर प्राथमिकला प्रति मूल प्रतिदिन 6 रुपये 78 पैसे, उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे. या पातेल्याचे आज 427 रुपये 14 पैसे. त्यात डाळीचा भाव चढला तरी दर तोच, सिलिंडर महागला तरी तोच. पातेल्यात आधी पातळ होते ती आमटी.

जेवलेल्या मुलांचा आकडा त्याच दिवशी मोबाइलवरून भरायचा. रेंज नसली, विसरला, तर त्या दिवशीचं जेवण हिशेबातून जातं आणि त्याचं देयक अडकतं. मुलं मात्र जेवलेली असतात.

पालकांनी लक्ष घालावं अशी जागा इथे आहे : पोत्याचं वजन. पुरवठादाराची गाडी येते, पोती उतरतात, पावतीवर सही होते आणि गाडी जाते. पोतं काट्यावर चढवून मग सही करावी. कमी भरलं तर पावतीवरच प्रत्यक्ष वजन लिहावं; नंतर केलेल्या तक्रारीला आधार राहत नाही. वाढण्याआधी चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची असते. रोज एका आईची पाळी लावली तर कुणावर ओझं पडत नाही.

[दृश्य : कुलूप लावलेली जुनी खोली. भिंतीत उभी भेग, गंजलेले अँगल, सरकलेली कौलं.]

या खोलीत आता कुणी बसत नाही. पण ती पाडता येत नाही. सरकारी मालमत्ता आहे, आधी तिचं निर्लेखन व्हायला हवं, म्हणजे सरकारी नोंदीतून ती कमी व्हायला हवी. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा उतारा, बांधकामाचं वर्ष, चारही बाजूंचे फोटो. मग अभियंत्याची पाहणी, धोकादायक असल्याचा दाखला, निघणाऱ्या सामानाचं मूल्यांकन. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याला. मंजुरी, मग लिलाव, मग पाडकाम. त्यानंतर नव्या खोलीची मागणी, समग्र शिक्षा किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून.

प्रस्ताव परत येतो तो बहुधा दोन कारणांनी. जागेचा उतारा शाळेच्या नावावर नसतो, कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी तोंडी जागा दिलेली. किंवा बांधकामाच्या वर्षाचा पुरावा नसतो. पहिल्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे मिळकतीच्या कर आकारणीची नोंद, आणि भूमी अभिलेखची मोजणी लागते. दुसऱ्यासाठी शाळेची जुनी लॉगबुकं चाळावीत, तपासणी अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांत नव्या खोलीचा उल्लेख सापडतो.

राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत 25 जुलै 2025 ला सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली.

[दृश्य : ग्रामपंचायत कार्यालयासमोरची ग्रामसभा.]

शेवटचा पैसा गावातच असतो आणि तो मागायला शाळा क्वचित येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीत ग्रामपंचायतीचा 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, 40 टक्के मोकळा. शाळेचं स्वच्छतागृह, हात धुण्याचे नळ, पाण्याची टाकी पहिल्या हिश्श्यात बसतात; कुंपण किंवा फरशी दुसऱ्यात. अट एकच : काम 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्यात नसलेल्या कामाला सरपंचाची इच्छा असूनही पैसे टाकता येत नाहीत.

पुढच्या वर्षाचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. शाळा 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर मागणी करते, तोवर यादी झालेली असते. म्हणून समितीने सप्टेंबरच्या सभेत ठराव करावा. त्यात मोघम 'दुरुस्ती' न लिहिता काम, माप आणि अंदाजे रक्कम लिहावी : मुलींच्या स्वच्छतागृहाला दरवाजा दोन, नळ तीन, 500 लिटरची टाकी एक. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) देऊन पोच घ्यावी. ग्रामसभेला नऊच्या नऊ पालकांनी जावं आणि मागणी इतिवृत्तात लिहिली गेली का, ते उठण्याआधी वाचून घ्यावं.