इंडक्शन सील निवडताना आधी बाटलीचं तोंड बघा

मंडळी, नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. इंडक्शन सील, म्हणजे टोपणाखाली बाटलीच्या तोंडावर चिकटलेली फॉइल, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो की चांगलं सील कुठलं, आणि ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. ते कुठल्या प्लास्टिकवर बसणार, आत माल कसला, वर टोपण कसलं आणि शेवटी ते उघडणार कोण, हे कळल्याशिवाय कुठल्याच सीलला चांगलं म्हणता येत नाही. म्हणून आज आपण सॅम्पलच्या पाकिटापासून सुरुवात न करता बाटलीपासून करू.

आधी ते चिकटतं कसं ते पटकन सांगतो. टोपणाच्या आत जी गोल चकती असते, वॅड म्हणतात तिला, तिच्यात ॲल्युमिनियमची पातळ फॉइल असते आणि फॉइलच्या खाली, म्हणजे बाटलीच्या बाजूला, प्लास्टिकचा एक थर असतो. टोपण लावलेली बाटली सीलिंग मशीनच्या कॉइलखालून, म्हणजे तारेच्या वेटोळ्याखालून, गेली की कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे फॉइलमध्ये करंट फिरतो, फॉइल स्वतःच तापते, खालचा थर वितळतो आणि बाटलीच्या कडेला धरतो. बाहेरून कुणी चटका देत नाही, टोपण जवळपास थंडच राहतं. त्यामुळेच पत्र्याचं टोपण असेल तर हा विषय तिथेच संपतो, कारण सगळी उष्णता पत्राच खाऊन टाकतो.

ही पद्धत 1950 च्या दशकाच्या शेवटी आली ती वाहतुकीत होणारं लिकेज थांबवायला. छेडछाड कळावी हा मुद्दा नंतर मोठा झाला, 1982 मध्ये शिकागो भागात टायलेनॉल ह्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेत औषधांच्या पॅकिंगचे नियम बदलले आणि बाटलीच्या तोंडावरची फॉइल घराघरात पोचली. तेव्हा सील निवडताना हे लक्षात असू द्या की लिकेज थांबवणं आणि कुणी हात घातला तर ते दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि अगदी अलगद, मागे काही खूण न ठेवता निघून येणारं सील पहिलं काम करेल, दुसरं करेलच असं नाही.

आता प्लास्टिक. नियम सोपा आहे, खालचा थर आणि बाटली एकाच घराण्यातले हवेत. एचडीपीईच्या (कडक पॉलिथिनच्या) बाटलीला पॉलिथिनचा थर, पीपीला (पॉलिप्रॉपिलीनला) पीपीचा, पेटला (पाण्याच्या बाटलीच्या पारदर्शक प्लास्टिकला) पॉलिएस्टरचा. "सगळ्याला चालतं" म्हणून मिळणारी सीलं असतात आणि ती चिकटतातही, पण बहुतेक वेळा सोलून निघण्याइतपत पकड देतात, पक्का वेल्ड, म्हणजे वितळून एकजीव झालेला जोड, देत नाहीत. काच सगळ्यात अवघड, तिला खास थर लागतो आणि कडेवर ओल असली की पकड जाते. बाटली नक्की कशाची आहे हे बाटलीवाल्याकडून लेखी घ्या, हाताला लागते तशी असेल असं धरून चालू नका.

मग वन-पीस की टू-पीस. टू-पीसमध्ये फॉइलच्या वर पुठ्ठा असतो, मेणाने चिकटवलेला. गरम झालं की मेण वितळून पुठ्ठ्यात मुरतं, फॉइल बाटलीवर राहते आणि पुठ्ठा टोपणात, म्हणजे सील फाडल्यावरही टोपण घट्ट बसायला काहीतरी उरतं. रोज थोडं थोडं वापरायच्या मालाला हे हवंच. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मेण मुरलं की टोपण थोडं सैल होतं, म्हणून सीलिंगनंतर टॉर्क, म्हणजे टोपण किती जोराने आवळलंय ते, पुन्हा तपासा. आणि पातळ माल असेल तर उघडा पुठ्ठा भिजतो, तिथे फोम किंवा वरून फिल्म लावलेला पुठ्ठा मागा. वन-पीसमध्ये सगळं बाटलीवरच राहतं, टोपणात काही उरत नाही, एकदाच उघडून संपणाऱ्या मालाला ते पुरतं.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात ते, म्हणजे बाटलीची कड. सील सुटलं की लोक सीलवाल्याला फोन लावतात, मी म्हणतो आधी एक करा, सील झालेली बाटली पूर्ण थंड होऊ द्या, मग फॉइल हळूच सोला आणि उजेडात तिरकी धरून कडेकडे बघा. सोलून निघणारं सील असेल तर कडेवर एक कडी उमटलेली दिसते, सगळीकडे सारख्या रुंदीची असली तर छान. एकाच जागी तुटली असेल तर तिथे नख फिरवून बघा, बहुतेक वेळा साच्याच्या जोडाची रेघ नखाला लागते, किंवा तिथे बारीक खळगा असतो. प्रत्येक बाटलीत तुटलेली जागा वेगळी असेल आणि माल पावडरीचा असेल तर भरताना कडेवर उडालेली धूळ हे कारण धरा. आणि एक अख्खी बाजूच फिकी असेल तर टोपण तिरकं बसतंय किंवा बाटली कॉइलच्या मधोमध जात नाहीये. सील बदलून ह्यातलं काहीच सुटणार नाही.

टॉर्कबद्दल एवढंच की दाब हा टोपणाच्या घट्टपणातूनच येतो, दुसरं कुणी दाबत नाही. ढोबळ नियम असा की टोपणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि निम्मा करायचा, तेवढे इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे 38 मिमीला साधारण 19. इथून सुरुवात करा, पुढे तुमच्या टोपणाप्रमाणे वरखाली होईल.

मशीनची पॉवर ठरवताना एकदा नीट बसलं की बस झालं असं करू नका. लाइन नेहमीच्या स्पीडला ठेवून पॉवर कमी करत जा, सील सुटायला लागेपर्यंत, मग वाढवत जा, पुठ्ठा करपेपर्यंत किंवा कडेबाहेर प्लास्टिक ओघळेपर्यंत, आणि ह्या दोन टोकांच्या मधे सेट करा. हे मधलं अंतर फारच कमी निघालं तर ते सील तुमच्या लाइनला जमणारं नाही, भले टेबलावर ते कितीही सुंदर चिकटलं असेल. माझ्या मते सील निवडायची हीच सगळ्यात प्रामाणिक कसोटी आहे आणि ती सगळ्यात कमी वेळा केली जाते.

आतला माल विसरू नका. सॉल्व्हंट असलेला माल खालच्या थराला फुगवतो, आम्ल किंवा मीठ फॉइलपर्यंत पोचलं तर तिला खातं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा माल वायू सोडतो, त्याला हवा जाऊ देणारं पण पातळ माल अडवणारं व्हेंटेड सीलच लागतं, नाहीतर बाटली फुगते. इथे कॅटलॉगवर विसंबू नका, खरा माल भरा, बाटल्या उलट्या आणि आडव्या ठेवा, काही गरम जागेत, आणि काही आठवडे जाऊ द्या. गळती बघायला व्हॅक्यूम चेंबरमध्ये रंगीत पाण्यात बुडवून बघतात, ती टेस्ट सोपी आहे आणि ज्या गळतीचा नुसत्या दाबून पत्ता लागत नाही ती दाखवते.

शेवटचा माणूस म्हणजे उघडणारा. पक्का वेल्ड सुरक्षित असतो हे खरं, पण सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रोजच्या औषधाची बाटली सुरीने फोडावी लागत असेल तर मला ते अजिबात मान्य नाही, सुरी घसरली की हात कापतो आणि फॉइलचे तुकडे आत पडतात. अशा मालाला धरून ओढायची पट्टी असलेलं, सोलून निघणारं सील घ्या, पैसे थोडे जास्त जातील. ऑर्डर द्यायच्या आधी भरलेल्या बाटल्या ऑफिसातल्या तरुण मुलांकडून उघडून घेऊ नका, ज्यांच्यासाठी माल आहे त्या वयाच्या माणसांच्या हातात द्या आणि काही न सांगता नुसतं बघत बसा.