पळणारं बाळ आणि खिडकीतला उजेड

नमस्कार श्रोतेहो.

यंदा संक्रांतीनंतर आमच्या नातीचं बोरन्हाण झालं. दीड वर्षाची आहे. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, समोर औक्षणाचं ताट. संध्याकाळी पाटावर बसवली आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, तसे दहा-बारा मोबाइल एकदम वर झाले. ‘इकडे बघ’, ‘आत्याकडे बघ’, ‘हस की गं राणी’. कुणाकडे बघावं तेच पोरीला कळेना. तिने मुकुट ओरबाडून काढला आणि भोकाड पसरलं. रात्री सगळ्यांचे फोटो पाहिले. हात पुसून टाकल्यासारखे, कपाळ पांढरं फटक. तिचा चेहरा असा कुठेच नव्हता.

तीस वर्षं मी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवला. एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे आणि एकेक जपून वापरावा लागायचा. त्या अनुभवावरून सांगतो, चूक बाळाची नव्हती. उजेड कमी होता.

ट्यूबच्या उजेडात कॅमेऱ्याला पुरेसा प्रकाश मिळत नाही, म्हणून तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाचा तिसावा भाग आपल्याला क्षणसुद्धा वाटत नाही, पण तेवढ्यातही मुलाचा हात सरकतो आणि फोटोत पुसट होतो. बसून हातवारे करणारं मूल पकडायला सेकंदाचा २५० वा भाग लागतो, धावणाऱ्याला ५०० वा. मोबाइल शटरचा हा वेग स्वतःच ठरवतो. तो वाढवायचा, तर उजेड वाढवणं हाच सोपा उपाय. कपाळ पांढरं पडलं ते काळ्या झबल्यामुळे. काळं जास्त दिसलं की कॅमेरा समजतो अंधार आहे, आणि सगळंच उजळून टाकतो. अशा वेळी पडद्यावर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याची खूण उमटली की ती थोडी खाली ओढा. बहुतेक मोबाइलमध्ये ही सोय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच झबलं पुन्हा घातलं. बोरं आणि हलवा मात्र उचलून ठेवला, कारण एवढ्या लहान मुलाच्या घशात बी किंवा दाणा अडकू शकतो. दक्षिणेच्या खिडकीतून जानेवारीचं तिरपं ऊन थेट आत येत होतं. खिडकीवर जुनं पांढरं धोतर टांगलं, आणि उजेड मऊ झाला. पलीकडच्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली, म्हणजे गालाची सावली उजळते. घरातली ट्यूब बंद केली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटर वेगात असलं की फोटोत आडवे पट्टे उतरतात. फ्लॅशही नको. बाळ दचकतं आणि चेहरा सपाट दिसतो.

मग खिडकीपाशी एक पातेलं आणि चार वाट्या ठेवल्या, आणि मी जमिनीवर पालथा पडून राहिलो. नातीला हाक मारली नाही. बाळाला उजेडात बसवू गेलात, तर ते उठून पळणारच. खेळ उजेडात ठेवला की बाळ आपोआप येतं. ती आली, वाटी पातेल्यात टाकली, आवाज ऐकला, पुन्हा टाकली. वीस मिनिटं हेच चाललं होतं. मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. अगदी जवळ नेला नव्हता, कारण जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. वाटी हातातून सुटण्याच्या आधीच लागोपाठ फोटो सुरू करायचे. हसू येऊन गेल्यावर बटण दाबलं, तर उशीर झालेला असतो.

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटं लागायची. पुढे वेळ सेकंदांवर आली, तरी मूल तेवढंही स्थिर राहत नसे. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंत आईलाच खुर्चीसारखं कापडाखाली झाकत आणि तिच्या मांडीवर बाळ बसवत. ती चित्रं पाहिली की माझा जीव कळवळतो. बाळाला धरून ठेवणारी तीच, आणि चित्रात नेमकी तीच नाही.

आज कापड नाही, पण आई अजून चित्राबाहेरच आहे, कारण मोबाइल तिच्याच हातात असतो. आमच्या सूनबाईच्या मोबाइलमध्ये लेकीचे हजारो फोटो आहेत. दोघींचे एकत्र मोजायला दहा बोटं पुरली. त्या सकाळी मी तिला म्हटलं, ‘मोबाइल मला दे, तू खाली बस.’ केस विंचरलेले नाहीत, म्हणून ती नको म्हणत होती. तरी बसली. तिने वाटीवर वाटी रचली, लेकीने पाडली. तिने पुन्हा रचली. तिसऱ्या वेळी वाट्या घरंगळत माझ्या कोपरापाशी आल्या आणि दोघी माझ्याकडे न बघता खळखळून हसल्या. तो फोटो मी कागदावर छापून घेतलाय. मागे पेन्सिलीने तारीख लिहिली आहे, आणि दोघींची नावं.

नमस्कार.