श्रेडर जाम झाला, म्हणजे नक्की काय अडकलं?

(पडद्यावर : पार्किंगच्या मागचा कोपरा. निळी ताडपत्री, तिच्यावर वाळलेल्या पाण्याचे डाग आणि ऊन खात पडलेलं मांजर.)

दिवाळी होऊन आठवडा झालाय. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत माळीमामांनी पाच महिन्यांनी श्रेडरवरची, म्हणजे पाला बारीक करणाऱ्या यंत्रावरची, ताडपत्री ओढली, मेन चालू केला आणि हिरवं बटण दाबलं.

(आवाज : घुंऽऽऽ... खट्.)

स्टार्टर पडला, म्हणजे मोटर चालू करणाऱ्या पेटीनं आपोआप वीज तोडली. मामांनी तो रीसेट करून पुन्हा दाबलं. मग सेक्रेटरीताई आल्या, त्यांनी दाबलं. मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खाली आले. त्यांचं अख्खं आयुष्य कारखान्यात गेलेलं, त्यामुळे त्यांनीही एकदा दाबून बघणं ओघानं आलंच.

दर वेळी तेच. घुंऽऽ, आणि खट्.

ते घुंऽऽ चालू असतं तेव्हा आत काय होतं, ते बघू. मोटरला वीज मिळतेय, तिचा जोर लागतोय, पण फिरता येत नाही. नेहमी फिरताना ती जेवढा करंट घेते, त्याच्या पाच-सहापट करंट अशा वेळी ओढते. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट ६पट, तर उष्णता ३६पट. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर बसवलेला. मोटर थांबली की पंखाही थांबला, म्हणजे वारा घालायलाही कोणी नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट ओढला की वीज तोडणारा भाग, पडला नसता, तर काही मिनिटांत वायंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांच्या, वार्निशचा तो जळका, गोडसर वास सुटला असता. ज्याच्या घरची पाण्याची मोटर कधी जळलीय, तो हा वास विसरत नाही.

(पडद्यावर : आवारातला पर्जन्यवृक्ष, पिंपळ, कुंपणालगत सहा नारळ.)

हे यंत्र इथं आलं ते पाल्यामुळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ पानं टाकतो, तेव्हा झाडणारा रडकुंडीला येतो. पूर्वी कोपऱ्यात ढीग करून काडी लावत. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा असा उघड्यावर जाळायला बंदी घातली आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवा असं सांगितलं. अख्खं पान खताच्या खड्ड्यात महिनोन् महिने तसंच पडून राहतं. बारीक केलं की लवकर कुजतं. म्हणून श्रेडर. गावाकडच्या कडबाकुट्टीचाच शहरात नोकरीला आलेला भाऊ म्हणा.

(पडद्यावर : मिस्त्री स्कूटरवरून उतरतात. पाय ठेवायच्या जागेत पान्ह्यांची पिशवी.)

मिस्त्रींनी यंत्राकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, "किती वेळा दाबलं?"

कोणी बोलेना. मग मामा म्हणाले, "चारदा."

"मोटरचं नशीब म्हणायचं."

ते थेट मेन स्विचकडे गेले. स्विच खाली केला, पेटी उघडली आणि आतल्या तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात, त्या काढून सरळ पँटच्या खिशात टाकल्या. स्विच काय, कोणीही येताजाता वर करू शकतं. खिशातली ग्रिप कोण लावणार? या अख्ख्या दुरुस्तीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

मग झाकण काढून पट्टा उतरवला. मोटरची पुली बोटानं ढकलली, तर ती अलगद फिरली. पलीकडची, पात्यांच्या शाफ्टवरची पुली दोन्ही हातांनी ओढून पाहिली. जागची हलेना.

"मोटर बरी आहे. अडकलंय ते इकडं."

अर्धा प्रश्न इथंच सुटला, आणि तोही एक थेंब तेल न घालता. जाम झालं म्हणताना आपण सगळं यंत्रच धरून बोलतो; अडकलेलं असतं कुठंतरी एकाच ठिकाणी. पट्टा न उतरवता हातोडी उचलणारे मिस्त्रीही मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.

(पडद्यावर : सतरा नंबरचा पान्हा. चार बोल्ट. तोंडावरचा पत्र्याचा डबा बाजूला होतो.)

आत काळी ढेप. जूनच्या पहिल्या पावसात ओला पाला घातला होता, शेवटचा घमेलाभर आतच राहिला आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली. पाऊस आत आला नाही, पण आतली वाफ बाहेरही गेली नाही. पाल्यातला तुरट रस लोखंडाला लागला की काळं होतं. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, ती याच गुणानं. इथं पाच महिने शाईच घोटली जात होती म्हणायची. त्यात गंज. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं. पात्याचं टोक आणि बाहेरचा पत्रा यांत जी बारीक फट असते, ती फट गंजानं आणि वाळलेल्या चिकानं भरून टाकलेली.

मिस्त्रींनी पात्यांच्या मध्ये आधी लाकडाचा ठोकळा अडकवला. शाफ्ट अचानक मोकळा झाला तर पाती फिरतात. मोटर बंद असो नाहीतर नसो, पात्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. बोट गेलं ते गेलं. ढेप हातानं नाही, बांबूच्या कामटीनं उकरली.

आणि मग ते दिसलं.

(पडद्यावर : शाफ्टच्या टोकाला, पात्यांच्या तबकडीआड, तपकिरी गुंडाळी. कॅमेरा अगदी जवळ.)

नारळाच्या झावळीचे दोरे. तिच्या दांड्याचे लांब धागे तुटत नाहीत, शाफ्टभोवती गुंडाळले जातात. एकावर एक, दर फेरीला घट्ट. यंत्रानं स्वतःच्याच गळ्याभोवती सुंभ वळलेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा तर न जळलेला. जुन्या करवतीच्या तुकड्यानं तो कापून काढायला पाऊण तास गेला. धागे थेट बेरिंगच्या सीलमध्ये, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या कडीत, घुसले होते. सील उचललं गेलं, आत पाणी गेलं.

डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून दोन्ही बेरिंगच्या कडेनं आणि पात्यांच्या बोल्टवर सोडलं. आणि मिस्त्री चक्क निघाले.

"एवढ्यात?" सेक्रेटरीताई.

"तेल आत जाऊ द्या ना मॅडम. उद्या येतो."

(पडद्यावर : संध्याकाळ. त्याच कोपऱ्यात दिवा लागतो. मांजर आता मोटरवर.)

दुसऱ्या दिवशी ठोकळा काढला. पुलीवर पट्टापान्हा लावून शाफ्ट आधी उलटा रेटला. सुलटा नाही, ज्या बाजूनं फिरताना अडकलं, त्या बाजूला रेटलं तर पाचर आणखी बसते. इंचभर उलटा, अर्धा इंच सुलटा, पुन्हा उलटा. शाफ्टच्या टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून वर हलकी टकटक. नुसती हातोडी कधीच नाही, टोक फुललं तर बेरिंग त्यावरून निघायचं नाही.

(आवाज : कर्र... कर्र... मग लांब, कोरडा, खरखरीत.)

फिरला. पण त्या आवाजावर मामासुद्धा खूश दिसेनात. बेरिंग बदलायलाच हवं होतं. खोक्यावर नंबर २०५. शेवटच्या दोन आकड्यांना ५नं गुणायचं, की शाफ्टची जाडी मिळते : २५ मिलिमीटर. दुकानदाराला नुसतं "श्रेडरचं बेरिंग" म्हटलं तर तो आपल्या तोंडाकडे बघत बसतो. बदललीही दोन्ही, कारण एक गेलं तेव्हा दुसऱ्याचेही दिवस भरलेले. जुन्यावर ग्रीस भरायचं निप्पल होतं, रंगाच्या थराखाली. यंत्र आल्यापासून त्याला ग्रीसगन लागलीच नव्हती. हे ऐकल्यावर कमिटीतले दोघं-तिघं एकदम झाडांकडे बघायला लागले.

शाफ्ट पॉलिश पेपरनं घासला, पुलरनं जुनी बेरिंगं ओढली, नवी बसवली, पाती धार लावून परत. पट्टा चढवायच्या आधी मिस्त्रींनी पुली हातानं फिरवून सोडली. ती आपली आपण दोन-तीन फेऱ्या फिरत राहिली.

मग खिशातून ग्रिपा निघाल्या.

(आवाज : खट्. मोटर वेग घेते. सलग, मोकळा आवाज.)

पाच मिनिटं रिकामा चालवला. नंतर वाळक्या काटक्या, मग पिंपळाची पानं. तोंडातून चहापत्तीसारखा भुगा पडायला लागला.

मामा एवढ्यात कोयता घेऊन नारळाखाली बसलेत. झावळीचा दांडा तोडून बाजूला, पाती सोलून श्रेडरकडे, आणि मधले हीर, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या, वेगळे. त्यांचा खराटा होणार आहे.