समोरच्याचा मान राखून

(दृश्य: पिकलेले शेत. कापणी चालू आहे. कापणाऱ्यांच्या बरेच मागे एक बाई वाकून कणसे वेचते आहे.)

निवेदन:

बेथलेहेमात सातूचा हंगाम आहे. कापणाऱ्यांच्या मागून सरवा, म्हणजे खाली पडलेली कणसे, वेचणारी ही बायबलमधली रूथ. मवाब देशाची, म्हणजे इथे परकी. नवरा वारलेला, घरी सासू नामी. शेत बवाजाचे. गावात त्याच्या शब्दाला वजन आहे.

शेताच्या कडेकोपऱ्यांपर्यंत कापू नको, खाली पडलेले वेचू नको, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगत होते. तेव्हा बवाजाने रूथला नुसते वेचू दिले असते, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण त्याने गड्यांना ताकीद दिली, हिच्या वाटेला कोणी जायचे नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेले पाणी पी, असे तिला सांगितले. जेवणाच्या वेळी तिला कापणाऱ्यांच्या शेजारी बसवले आणि स्वतः हुरडा दिला. ती पोटभर जेवली, वर थोडे उरलेही.

ती उठून कामाला लागल्यावर त्याने गड्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम काढून टाकत जा. तिला वेचू द्या. धमकावू नका.

रूथच्या पुस्तकातल्या या ओळीशी मी दर वेळी थांबतो. बवाजाला तिच्या पदरात धान्य ओतून तिला घरी पाठवता आले असते. त्या दिवशी त्याने तसे केले नाही. संध्याकाळी रूथने वेचलेले झोडले, तेव्हा एफाभर सातू निघाले. एफा म्हणजे सुमारे २२ लिटरचे माप. ते तिच्या कष्टाचे होते. सासूसमोर ते ठेवताना तिला कुणापुढे ओशाळे व्हावे लागले नाही.

देणे त्या मानाने सोपे आहे. समोरच्याचा मान राखून देणे अवघड आहे, आणि ख्रिस्ती पुरुषाने शिकायची दया ही आहे.

(दृश्य: सुताराची हत्यारे. रंधा, करवत, लाकडाचा भुसा.)

योसेफाकडे पाहा. येशूची आई मरीया हिच्याशी त्याची मागणी झालेली. ती गरोदर आहे हे त्याला कळले, तेव्हा आपला विश्वासघात झाला असेच त्याला वाटले असणार. चारचौघांत तिची बेअब्रू करणे त्याच्या हातात होते. शुभवर्तमानात मत्तय लिहितो की तो नीतिमान होता आणि तिचा बोभाटा व्हावा अशी त्याची इच्छा नव्हती. म्हणून त्याने तिला गुपचूप सोडण्याचा विचार केला. हे बाळ पवित्र आत्म्यापासून आहे, असे सांगायला स्वप्नात देवदूत आला तो त्यानंतर. खरे काय ते कळण्याआधीच, दुखावलेल्या मनानेही, योसेफाने तिची अब्रू जपायचे ठरवले होते. कुणी आपल्याला दुखावले असे वाटते, तेव्हा तोंडाला कुलूप लावणे ही मोठी दया असते. रागाच्या भरात चार लोकांना फोन करून सांगणारा पुरुष कितीही दानधर्म करो, योसेफाच्या वाटेवर तो अजून आलेला नाही.

(दृश्य: डोंगरातून उतरत जाणारा ओसाड रस्ता.)

यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारा रस्ता. हा उतार सुमारे १,००० मीटरचा आहे. प्रभू येशूच्या दाखल्यातला शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला प्रवासी, याच वाटेवर लुटारूंनी जखमी केलेल्या माणसापाशी थांबला. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर, हे सगळे आपण उपदेशांत ऐकलेले असते. त्याचा दुसरा दिवस मात्र कुणी फारसा सांगत नाही. त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या कामाला निघून गेला. जखमी माणूस शुद्धीवर येऊन आभार मानेल, याची वाट पाहत तो बसला नाही. कामधंदा असलेल्या माणसाने आपल्या प्रवासातच ही दया केली.

आज मदत करताना आधी मोबाईल बाहेर निघतो. घेणाऱ्याच्या हातात पिशवी, देणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू, आणि फोटो मंडळीच्या ग्रुपवर. दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितले आहे. त्या फोटोतल्या माणसाची मुलेही तो फोटो पाहतात, एवढे जरी आठवले तरी बटण दाबले जाणार नाही.

(दृश्य: कार्यालय. बंद दाराआड दोन माणसे बोलत आहेत.)

रोजच्या जगण्यात ही दया अशी दिसते: हाताखालच्या माणसाची चूक सगळ्यांदेखत न काढता दार लावून सांगणे. म्हाताऱ्या वडिलांनी तीच गोष्ट पुन्हा सुरू केली, तर “सांगितलीत की मघाशी” हे शब्द गिळणे. उसने दिलेल्या पैशांचा विषय जेवणाच्या पंगतीत न काढणे. उपासनेला पहिल्यांदा आलेला माणूस शेवटच्या बाकावर एकटा बसला असेल, तर आपली नेहमीची जागा सोडून त्याच्याजवळ बसणे.

पुष्कळ पुरुषांना लहानपणापासून शिकवलेले असते की आवाज चढवला तरच वचक राहतो. बवाजाने आवाज चढवल्याचे कुठे लिहिलेले नाही, तरी त्याच्या शेतात त्याचा शब्द चालत होता.

(दृश्य: समुद्र. शिडाचे जहाज.)

कधी अशा दयेची किंमत मैत्रीनेही मोजावी लागते. पौल आणि बर्णबा या सुरुवातीच्या मंडळीतल्या दोन सुवार्तिकांच्या पहिल्याच सुवार्ताफेरीत तरुण योहान मार्क पंफुल्या प्रांतातून साथ सोडून परतला. पुढच्या फेरीला त्याला न्यायला पौल तयार होईना. बर्णबा हटेना. पौलावर जेव्हा यरुशलेमेत कुणी विश्वास ठेवत नव्हते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता. दोघांत इतका वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन जहाजाने कुप्र बेटावर गेला. वाटेत तो त्याच्याशी काय बोलला, ते कुठेही लिहिलेले नाही. पुढे तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात पौलानेच निरोप धाडला: मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.