पाचशे मीटरवरचा मेंढा

[दृश्य : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं रॅटोन. सुकलेल्या गवताचा उतार, त्यावर काळ्या आकृत्यांच्या रांगा.]

पहिल्या रांगेत कोंबड्या, २०० मीटरवर. त्यामागे ३०० मीटरवर रानडुकरं, ३८५वर टर्की पक्षी आणि पार टोकाला, ५०० मीटरवर, मेंढे. सगळे जाड पोलादातून कापलेले. गोळी लागून नुसता टणत्कार झाला तर गुण नाही. प्राणी बैठकीवरून खाली पडला पाहिजे.

हा सिल्युएटचा, म्हणजे प्राण्यांच्या काळ्या आकृत्या बंदुकीनं पाडायचा खेळ, मूळचा मेक्सिकोतला. तिथे सणासमारंभाला जिवंत जनावर लांबवर बांधून त्याच्यावर नेम धरत. १९४८ साली मेक्सिको सिटीत जनावरांच्या जागी पोलाद आलं, आणि मग हा खेळ अ‍ॅरिझोनामार्गे अमेरिकेत पोचला. ‘लिस्तो’, म्हणजे तयार राहा. ‘फुएगो’, म्हणजे झाडा. अमेरिकेतले पंचही हे हुकूम बऱ्याचदा स्पॅनिशमध्येच देतात.

[दृश्य : गाडीच्या डिकीतून निघणारी, दस्त्यावर ओरखडे पडलेली रायफल.]

आपण बघतोय तो ‘हंटिंग रायफल’ गट. रेमिंग्टन ७००, विंचेस्टर मॉडेल ७०, सॅव्हेज ११०... दुकानातून आणावी आणि हरणाच्या मागे जंगलात न्यावी, अशी बंदूक. दुर्बिणीसकट वजन नऊ पौंडांच्या आत, म्हणजे चार किलोच्या जरा वर. चाप फार हलका करून चालत नाही, दोन पौंडांचा दाब हवाच.

आणि गोळी झाडायची उभ्यानं. टेकू नाही, खांद्याला पट्टा नाही, हातमोजा नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे यांना आपण टीव्हीवर पाहिलंय. अंगात कडक जाकीट, पायात सपाट तळाचे बूट, हातात खास घडवलेली रायफल. ऑलिंपिकच्या नेमबाजीत या सगळ्याला परवानगी आहे, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा इवलासा आकार पाहता ती असायलाच हवी. इथे मात्र अंगावर साधा शर्ट. श्वास घेतला की दुर्बिणीतली फुली कोंबडीच्या डोक्यावरून निघून शेपटीपलीकडे जाते. ती थांबवता येत नाही. नवखा माणूस थांबवायला बघतो, हात आणखी थरथरतो, आणि शेवटी फुली प्राण्यावरून जाताना तो चाप हिसकतो. गोळी मातीत. मुरलेला खेळाडू फुलीला हलू देतो आणि चापावरचा दाब थोडाथोडा वाढवत राहतो.

घाई करायला घड्याळही आहेच. पाच प्राणी, पाच गोळ्या, अडीच मिनिटं. नेम डावीकडून उजवीकडे, क्रमानं. दुसऱ्याऐवजी तिसरा पाडलात तर प्राणी गेला आणि गुणही गेला.

[दृश्य : मेंढ्यांची रांग, उन्हाच्या झळांनी थरथरणारी.]

मेंढ्याकडे वळलं की हिशेब बदलतो. .३०८च्या (इंचातला व्यास) काडतुसानं २०० मीटरवर बंदूक जुळवलेली असेल, तर ५०० मीटरला पोचेतो गोळी साधारण दीड मीटर खाली आलेली असते. म्हणून दर रांगेला दुर्बिणीची चकती फिरवायची. शिवाय मेंढा जड. हलकी गोळी अंगावर आपटून फुटते आणि तो उभाच. नेम अचूक, गुण शून्य! इतका जिव्हारी लागणारा नियम दुसऱ्या खेळात क्वचितच असेल. लागल्याचा आवाज तर चाप ओढल्यानंतर दोन सेकंद उलटून गेल्यावर कानावर येतो.

तरी अवघड कोण विचारलंत तर बरेच जण टर्कीकडे बोट दाखवतील. अंगानं उभट, पाय बारीक. वाऱ्यानं गोळी वीतभर सरकली तरी ती शेजारून निघून जाते.

बहुतेक शिकाऱ्यांची बंदूक वर्षभर कपाटात असते. हंगामाआधी ते रेंजवर येतात, टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ मारतात आणि खूश होऊन घरी जातात. जंगलात टेबल नसतं. त्यांना उभ्यानं दहा कोंबड्या मारायला लावा. दोन पडल्या तरी पहिल्या खेपेला वाईट नाही. बंदूक तीच, काडतूसही तेच.

काडतुसांचा खर्च झेपत नसेल तर पॉइंट टू-टूचा, म्हणजे .२२ इंची छोट्या काडतुसांचा, धाकटा खेळ आहे. अंतरं पाचव्या हिश्शाची : ४०, ६०, ७७, १०० मीटर. प्राणीही तेवढेच लहान. हाताची थरथर मात्र पूर्ण मापाची.

[दृश्य : नेमबाजाच्या शेजारी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस.]

हा त्याचा स्पॉटर. गोळी कुठे पडली ते सांगायला नियमानुसार बसलेला. बऱ्याचदा तो पुढच्या फेरीतला स्पर्धकच असतो, म्हणजे प्रतिस्पर्धी. तरी धुळीचा उडालेला ठिपका बघून तो खरं तेच सांगतो : “पाठीवरून गेली. वारा वाढलाय, अर्धा मेंढा डावीकडे धर.” पुढच्या फेरीत हीच खुर्ची या नेमबाजाची.